राहुरीचा पत्ता, मोहोळची ज्वारी

कृषी विद्यापीठ कुठे व्हावं, या प्रश्नावर 1967 साली विदर्भ पेटला होता. ते अकोल्याला व्हावं म्हणून विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात कोवळी पोरं गेली. त्याच वर्षी कायदा झाला आणि 29 मार्च 1968 रोजी महाराष्ट्र कृषी विद्यापीठ स्थापन झालं. सुरुवातीला त्याचा कारभार पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून चालला. पुढे मुख्यालय नगर जिल्ह्यात राहुरीला गेलं. विदर्भाचा राग शमेना, म्हणून 20 ऑक्टोबर 1969 रोजी अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठ निघालं. मग मराठवाडा आणि कोकण तरी मागे कसे राहतील? 18 मे 1972 या एकाच दिवशी परभणी आणि दापोली अशी आणखी दोन विद्यापीठं झाली. चार वर्षांत एका राज्यात चार कृषी विद्यापीठं! राहुरीच्या वाट्याला नाशिक-जळगावपासून सांगली-कोल्हापूरपर्यंतचे दहा जिल्हे राहिले आणि त्या विद्यापीठाला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं.

भांडण पत्त्याचं होतं. त्यामागची भावना खरी होती, कारण कापसाच्या काळ्या जमिनीचं दुखणं कोकणातल्या जांभ्या खडकावर बसून कळत नाही. पण राहुरीचा इतिहास पाहिला की वाटतं, मुख्यालयाच्या गावाला आपण भलतंच महत्त्व दिलं. या विद्यापीठानं शेतकऱ्याला जे दिलं, त्यातलं बरंचसं राहुरीत झालेलंच नाही. ते मोहोळला झालं, पाडेगावला झालं, वडगाव मावळला, जळगावला झालं. आणि त्यातलं काही तर विद्यापीठ जन्मण्याच्या तीस-पस्तीस वर्षं आधीच होऊन गेलं होतं.

पुण्यात शेतकीचं शिक्षण 1879 पासून होतं, विज्ञान महाविद्यालयाचा एक वर्ग म्हणून. स्वतंत्र कृषी महाविद्यालय निघालं 1907 च्या सुमारास. शिवाजीनगरला आज दिसते ती देखणी इमारत जॉर्ज विटेटच्या आराखड्यावर उभी राहिली. मुंबईच्या गेटवेचा आराखडा करणारा हाच वास्तुविशारद. या महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ आणि आसामच्या चहामळ्यांवर काम करून आलेले. त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घर-घर, शेत-शेत पाहणी केली. 1771 साली त्या गावात सरासरी धारणक्षेत्र चाळीस एकर होतं, ते 1914-15 पर्यंत सात एकरांवर आलं होतं. आता त्या शिवारात शेतं उरलेली नाहीत, सदनिका उभ्या आहेत. पण शेतीचा प्रश्न गावात जाऊन मोजायचा असतो, ही सवय मान यांनी लावली.

उणीव होती ती दुसरीच. पदवी विद्यापीठ देणार, संशोधन शेतकी खात्याची केंद्रं करणार आणि शेतकऱ्याकडे जाणार खात्याचा कामगार. शिकवणारा, शोधणारा आणि सांगणारा या तिघांची गाठ पडायची ती कागदावर. शिवाय संशोधक हा खात्याचा नोकर. दहा वर्षं लागणारं काम हाती घ्यावं आणि तिसऱ्या वर्षी बदलीचा हुकूम यावा, असा मामला.

याला तोड म्हणून अमेरिकेतल्या भू-अनुदान महाविद्यालयांचा नमुना पुढे आला. तिथे 1862 च्या मॉरिल कायद्यानं राज्यांना सरकारी जमिनी दिल्या होत्या आणि त्यांच्या उत्पन्नावर शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालयं काढायला लावली होती. पुढे संशोधन आणि विस्तार ही दोन्ही कामंही त्याच छपराखाली आली. आपल्याकडे राधाकृष्णन आयोगानं 1949 साली ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. मग भारतीय-अमेरिकी तज्ज्ञांच्या पथकांनी पाहणी केली आणि 1960 साली तराईत पंतनगरला देशातलं पहिलं कृषी विद्यापीठ उघडलं. राज्यांना मदतीसाठी अमेरिकी विद्यापीठं नेमून दिलेली होती. पंतनगरला इलिनॉय, लुधियानाला ओहायो. महाराष्ट्राच्या वाट्याला पेनसिल्व्हेनिया आलं.

थोडक्यात, 1968 साली राहुरीला मिळालेली घडी आयती होती. माणसं, शेतं, बियाणांच्या ओळी आणि दप्तरं मात्र खात्याकडून वारशानं आली, आणि हा वारसा मोठा होता.

त्यातला मानाचा वाटा सोलापूर-मोहोळचा. पाऊस बेभरवशाचा, जमीन काळी, उन्हाळ्यात हात घालता येईल अशा भेगा पडणारी. इथलं मुख्य पीक खरिपाचं नाही. पावसाळाभर रान मोकळं ठेवायचं, ओल मुरवायची आणि उत्तरा-हस्ताच्या सरींवर ज्वारी पेरायची. त्यानंतर थेंब पडला नाही तरी साठवलेल्या ओलीवर पीक माघ-फाल्गुनापर्यंत न्यायचं. इंग्रज सरकारनं 1933 च्या सुमारास कोरडवाहू शेतीच्या अभ्यासासाठी देशात जी मोजकी केंद्रं काढली, त्यांतलं एक सोलापूरचं. तिथे ना. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न धरून ठेवला : पडलेल्या पावसातलं किती पाणी रानात राहतं आणि किती माती घेऊन वाहून जातं? उताराच्या वाफ्यांखाली टाक्या बांधून त्यांनी ते वर्षानुवर्षं मोजलं. त्यातून समतल बांध, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, विरळ पेरा आणि वेळेवर कोळपण्या अशी पद्धत बसवली गेली. तिला पुढे मुंबई कोरडवाहू पद्धत म्हणू लागले. आठव्या आठवड्यात दातेरी कोळपं फिरवून भेगा बुजवायच्या, की ओल वर उडून जात नाही. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, हे शेतकरी पूर्वीपासून म्हणत आला होता. सोलापूरनं त्याला आकड्यांचं पाठबळ दिलं. 1942 साली मुंबई सरकारनं जमीन सुधारणेचा कायदा केला आणि बांधबंदिस्तीची कामं मोठ्या प्रमाणावर निघाली.

योगायोग असा, की ज्यांचं नाव विद्यापीठाला पुढे मिळालं त्या जोतीरावांनी 1883 मध्येच ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हे सांगून ठेवलं होतं. रिकाम्या वेळात लष्करातल्या आणि पोलीस खात्यातल्या शिपायांकडून बांध घालून घ्या, म्हणजे पावसाचं पाणी शेतात मुरेल आणि सत्त्व वाहून जाणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. नाव देताना हे कोणी डोळ्यांपुढे ठेवलं होतं का कोण जाणे, पण नाव शोभतं.

मोहोळला त्याच सुमारास ज्वारीचं काम चाललं होतं. शेतकऱ्यांच्या रानातल्या स्थानिक ज्वारीतून एकेक कणीस निवडायचं, त्याचं बी वेगळं लावायचं आणि पुन्हा निवडायचं. असं करत 1930 च्या दशकात पस्तीस क्रमांकाच्या ओळीतून एक वाण हाती आला. दप्तरात त्याचं नाव एम 35-1 आणि बाजारात मालदांडी. दाणा टपोरा, मोत्यासारखा. पिठाला चिकटपणा असा की भाकरी हातावर थापताना काठ फाटत नाही. कडबा उंच आणि रसाळ, जनावर चघळून संपवतं. वर खोडमाशीला बऱ्यापैकी दाद न देणारा. साठच्या दशकात संकरित ज्वारी आली आणि खरिपात तिनं उत्पन्नाचे आकडे पार बदलून टाकले. पण पावसात सापडली की ती काळी पडायची, आणि तिच्या भाकरीला कोणी चांगलं म्हटलं नाही. रब्बीत तर तिची डाळ शिजलीच नाही. तिथे मालदांडीच राहिली.

त्यामुळे पुढच्या प्रत्येक पिढीतल्या ज्वारी पैदासकाराची पंचाईत झाली. नवा वाण तयार केला की त्याला चाचणीत एका जुन्या, माहितीतल्या वाणाच्या शेजारी लावतात. त्याला तुल्य वाण म्हणतात. रब्बी ज्वारीत हा तुल्य वाण वर्षानुवर्षं मालदांडीच असे. धान्यात तिला मागे टाकलं तर कडब्यात कमी पडायचं आणि कडब्यात जमलं तर भाकरीत नाही. राहुरीच्या संशोधकांनी यातून काढलेली वाट मला फार शहाणपणाची वाटते. सगळीकडे चालेल असा एकच वाण शोधायचा नाद त्यांनी सोडला आणि जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण वाटून दिले. एक फुटापर्यंतच्या हलक्या जमिनीत ओल लवकर संपते, म्हणून तिथे लवकर निसवणारी फुले अनुराधा किंवा फुले माउली. दोन फुटांपर्यंतच्या मध्यम जमिनीत फुले सुचित्रा किंवा मालदांडी. त्याहून खोल, भारी जमिनीत फुले वसुधा किंवा फुले यशोदा. दोन पाणी देता येत असतील तर फुले रेवती. हुरड्यासाठी फुले उत्तरा आणि फुले मधुर वेगळे. सुरती, गूळभेंडी, कुचकुची या जुन्या हुरड्याच्या ज्वाऱ्या ज्यांनी खाल्ल्या आहेत ते नव्यांना नाकं मुरडतात; तो ज्याच्या त्याच्या जिभेचा प्रश्न.

आता उसाकडे. पाडेगाव हे नीरेच्या काठचं गाव. 1932 साली तिथे ऊस संशोधन केंद्र निघालं ते एका संकटामुळे. नीरा आणि प्रवरा कालव्यांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि काही वर्षांतच जमिनी पाणथळ, खारवट, चोपण होऊ लागल्या. उसाला पाणी पाजताना जमिनीच्या पोटाचा विचार कोणी केला नव्हता. पाडेगावच्या संशोधकांनी कालव्याखालच्या जमिनींची थराथरानं पाहणी करून त्यांचे प्रकार पाडले. 1938 साली प्रसिद्ध झालेलं बसू आणि शिरूर यांचं ते काम भारतातल्या मृदाशास्त्रातलं पायाभूत काम गणलं जातं.

उसाच्या वाणांची नावं मात्र तमिळनाडूची ओळख मिरवतात. आपल्याकडे उसाला तुरा आला तरी त्यातून उगवणारं बी सहसा मिळत नाही. कोइमतूरच्या हवेत मिळतं. म्हणून संकर तिथे करायचा, कापसासारखं ते हलकं बी पाडेगावला आणायचं, त्यातून हजारो रोपं करायची आणि आपल्या जमिनीत, आपल्या पाण्यावर त्यांची निवड करायची. को म्हणजे कोइमतूर आणि को एम म्हणजे कोइमतूरचा संकर, महाराष्ट्राची निवड. को 740 नं एके काळी राज्य गाजवलं. 1996 साली पाडेगावनं को 86032 हा वाण ‘नीरा’ या नावानं दिला. शेतकरी त्याला नुसतं ‘शहाऐंशी बत्तीस’ म्हणतो. उतारा चांगला, खोडवा चांगला. पुढे पंचवीसएक वर्षं हाच वाण आघाडीवर राहिला. 2007 साली आलेल्या फुले 265 नं वेगळीच गंमत केली. टनेज दांडगं, खारवट जमिनीतही तग धरणारा. शेतकरी खूश, पण कारखान्यांचा सूर वेगळा. हा ऊस उशिरा पिकतो, लवकर तोडला तर साखर उतारा कमी पडतो, म्हणून काही कारखाने त्याची नोंद घ्यायलाच तयार नसत. एकाचा फायदा टनात आणि दुसऱ्याचा टक्क्यात. वाण काढणाऱ्यानं यात कोणाची बाजू घ्यायची?

बाकीच्या केंद्रांची कहाणी धावती सांगतो. वडगाव मावळच्या भात केंद्रानं वासाच्या आंबेमोहोर 157 चा आयआर 8 या ठेंगण्या, भरघोस वाणाशी संकर करून 1987 साली इंद्रायणी दिला. आज पुण्या-मुंबईच्या दुकानात इंद्रायणी मागणाऱ्याला तो मावळातल्या सरकारी शेतात तयार झाल्याचं सांगितलं तर खरं वाटणार नाही. जळगावच्या तेलबिया केंद्रातून सत्तरच्या दशकाच्या शेवटी फुले प्रगती हा भुईमूग आला. जेएल 24 हे त्याचं दुसरं नाव. नव्वद-पंचाण्णव दिवसांत निघणारा हा वाण देशभर तर गेलाच, शिवाय समुद्र ओलांडून आफ्रिकेतही पोचला. मलावीत तो काकोमा या नावानं पेरतात.

डाळिंबाची गोष्ट पुण्याच्या गणेशखिंडीतली. तिथले फळसंशोधक डॉ. चीमा यांनी 1936 साली आळंदीच्या डाळिंबातून मऊ दाण्याचं एक झाड निवडलं. त्याचाच वाण पुढे ‘गणेश’ म्हणून ओळखला गेला. त्या गणेशचा रशियन लाल डाळिंबाशी संकर करून राहुरीनं मृदुला आणि भगवा दिले. भगवा तर सोलापूर-नाशिकच्या माळांवर असा पसरला की शेंदरी, अष्टगंधा, मस्तानी अशी त्याला गावोगावची टोपणनावं मिळाली. कोरडवाहू तालुक्यांत बंगले उभे राहिले. मग तेल्या आला. पानाफळांवर तेलकट डाग पाडणारा हा जिवाणूजन्य रोग भगव्याला हमखास धरतो, आणि एकाच वाणाच्या बागा लागून लागून असल्यावर त्याला आडकाठी कुठली? वाणाचं यश हेच त्याच्या अडचणीचं कारण झालं.

एक वाण शेतकऱ्याच्या घरी कसा येतो, हे पाहण्यासारखं आहे. ज्वारी फुलोऱ्यात आली की निवडलेल्या कणसांवर कागदी पिशव्या चढवतात, म्हणजे शेजारच्या कणसाचे पराग येऊन ओळ बिघडत नाही. पिशवीवर पेन्सिलीनं आकडे. पुढे पिढ्यानपिढ्या निवड, मग विद्यापीठाच्या निरनिराळ्या केंद्रांवर चाचण्या, मग शेतकऱ्यांच्या शेतावर. दहा-बारा वर्षं सहज जातात. शेवटी चारही विद्यापीठांची संयुक्त बैठक बसते. तिला सगळे ‘जॉइंट ॲग्रेस्को’ म्हणतात. तिथे दुसऱ्या विद्यापीठाचे शास्त्रज्ञ आकड्यांची पिसं काढतात. त्यातून टिकलेल्या वाणाचं थोडं बी पैदासकार बियाणं म्हणून बाहेर पडतं. त्याच्या पिशवीला सोनेरी पिवळं लेबल. त्यापासून पायाभूत बियाणं, त्याला पांढरं लेबल. त्यापासून प्रमाणित, निळं लेबल. शेवटच्या टप्प्याचं मोठं काम अकोल्याचं महाबीज 1976 पासून करतं. दुकानात निळ्या लेबलाची पिशवी उचलणारा शेतकरी अशा रीतीनं एका पैदासकाराच्या दहा-बारा वर्षांचं फळ घेत असतो. नाव मात्र त्याला दुकानदाराचंच माहीत असतं.

इथेच अमेरिकेचा नमुना आपल्याकडे लंगडा झाला. शिक्षण आणि संशोधन विद्यापीठाकडे आलं, विस्तार मात्र राज्याच्या कृषी खात्यानं सोडला नाही. गावोगाव फिरणारा कृषी सहायक खात्याचा, त्याचे वरिष्ठ खात्याचे, अनुदानाच्या योजना खात्याच्या. विद्यापीठाकडे मेळावे, प्रात्यक्षिकं, ‘श्री सुगी’सारखं नियतकालिक आणि दरवर्षीची ‘कृषीदर्शनी’ एवढंच राहिलं. कृषीदर्शनी हे तसं गुणी पुस्तक आहे. कुठल्या पिकाला बियाणं किती, खत किती, फवारणी कसली, सगळं त्यात असतं. अनेक घरांत ती दिनदर्शिकेशेजारी खुंटीला लटकलेली असते, पानं मुडपलेली, हिशेब लिहिलेली. पण पिकावर रोग दिसल्यावर शेतकरी रोगट पान घेऊन जातो ते कृषी सेवा केंद्रात. तिथला सल्ला आणि तिथली बाटली एकाच गल्ल्यावर मिळते. हा दोष एकट्या राहुरीचा नाही, पण खापर फुटलं सगळ्यांच्या माथी.

राहुरीच्या आवाराची एक बाजू गौरवग्रंथांत सहसा येत नाही. नगर-मनमाड रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली ती जमीन आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांकडून घेतली. शेतकऱ्यांच्या भल्याच्या संस्थेसाठी शेतकरी भूमिहीन झाले. त्यांचे वारस प्रकल्पग्रस्त म्हणून विद्यापीठात नोकरी मागत अनेक वर्षं झगडत आले आहेत. दुसरीकडे विद्यापीठात मंजूर पदांचा मोठा हिस्सा रिकामा आहे. भरती लांबते, एकेका शास्त्रज्ञाकडे दोन-तीन जणांचं काम येतं. ग्रंथालयात मुलं दिवसभर बसलेली दिसतात, पण बऱ्याच जणांपुढचं पुस्तक राज्यसेवेचं असतं. त्यांना दोष कसा द्यायचा? पैदासकाराची जागाच निघणार नसेल तर तहसीलदाराची परीक्षा देणं हिशेबाला धरूनच आहे. फक्त ज्वारीच्या ओळींना हा हिशेब समजावता येत नाही. एक हंगाम त्यांची पेरणी चुकली, पिशव्या चढल्या नाहीत, की मागच्या सात-आठ वर्षांची निवड मातीमोल होते.

शेवटचं त्रांगडं विद्यापीठाच्या आपल्याच वाणांमधलं आहे. मोहोळ तालुक्यात उजनी धरणाचं पाणी आलं. ज्या काळ्या रानात ओलीच्या हिशेबावर मालदांडी उभी राहायची, तिथे आता पाडेगावचा ऊस उभा आहे आणि सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात वरच्या जागी गेला आहे. एका केंद्राचा वाण दुसऱ्या केंद्राच्या वाणाला रानाबाहेर काढतो. शेतकऱ्याचं यात काही चुकत नाही. उसाला ठरलेला भाव आहे, कारखान्याचा पट्टा आहे, कर्ज आहे. ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्रावर दाणा घेतला जाईलच असं नाही, आणि काढणीला माणूस मिळत नाही. राहुरीनं त्यावरही काम केलं. ज्वारी काढणीची यंत्रं, कडबा कापणीची अवजारं असं बरंच काही झालं. मात्र कोणत्या पिकाला पाणी आणि भाव द्यायचा हे संशोधन केंद्रावर ठरत नाही. ते मुंबईत आणि दिल्लीत ठरतं. दुष्काळाच्या वर्षी उजनी रिकामी होते, ऊस वाळतो, चारा छावण्या उघडतात आणि कडब्याची पेंडी कुठे मिळेल याची चौकशी सुरू होते. मग पुढच्या सप्टेंबरात मोहोळच्या केंद्रावर बियाणासाठी रांग लागते.